आत्यांची दाराजवळची खुर्ची

त्या संध्याकाळी मी सभागृहातच होतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या स्टुटगार्टकडच्या मंडळींना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या बाईला तर नाहीच. आमच्या माणसांना माहीत आहे ते एवढंच, की मी कामावर अडकलो होतो. मी अडकलो नव्हतो. कोट मांडीवर घेऊन मागच्या बाजूला बसलो होतो, आणि माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा उठलो नाही.

पण आत्यांबद्दल लिहायचं, तर सुरुवात त्यांच्या खुर्चीपासून करायला हवी. त्यांना ओळखणारा कोणीही तिथूनच सुरुवात करेल.

वर्गात शिरल्या की आत्या आधी खिडकी उघडायच्या, मग थर्मास टेबलावर ठेवायच्या, आणि मग एक जादा खुर्ची उचलून दाराच्या अगदी जवळ नेऊन ठेवायच्या. सगळे आलेले असले तरी ठेवायच्या. कोणी म्हटलं, "आत्या, आज कोणी राहिलं नाही," तर म्हणायच्या, "कोणीतरी उशिरा येतंच. त्याला सगळ्यांच्या पायांवरून जायला लावलं ना, की तो पुढच्या वेळी येत नाही. दारातून आला, बसला, झालं. कोणी मान वळवायची नाही." बुधवारच्या त्या वर्गात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला उशीर झाला होता आणि मी त्याच खुर्चीवर बसलो होतो. खरंच कोणी मान वळवली नाही. परदेशात आल्यापासून माझ्याकडे कोणी बघितलं नाही याचं बरं वाटलं, असं तेव्हाच एकदा झालं असेल.

आत्या नागपूरच्या. सत्तरच्या दशकात नर्स म्हणून जर्मनीत आल्या आणि रिटायर होईपर्यंत स्टुटगार्टजवळच्या एका हॉस्पिटलात राहिल्या. नवरा लवकर गेला. मुलगी बॉनला एका मोठ्या कंपनीत. आत्या कोणाच्या आत्या हे कोणीच कधी विचारलं नाही. आमच्याकडे महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक जण, पीएचडी करणारा असो की झिंडेलफिंगेनच्या कारखान्यातला इंजिनियर, पहिल्या भेटीत 'जयभीम, आत्या' म्हणायचा आणि तेच कायम राहायचं. त्यांच्याहून वयाने मोठा एक गृहस्थसुद्धा त्यांना आत्या म्हणे. त्यावर त्या म्हणत, "हा माझा सगळ्यात मोठा भाचा. अजून वळण लागलं नाही याला."

वर्ग भरायचा तो आमच्या गावच्या फोल्क्सहोखशूलमध्ये. जर्मनीत राहिलेल्यांना ती काय असते ते सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. ते गावाने चालवलेलं संध्याकाळचं कॉलेज असतं. पदवी मिळत नाही. दिवसभर काम करून आलेली माणसं तिथे भाषा शिकतात, कॉम्प्युटर शिकतात, हिशेब ठेवायला शिकतात, शिवण शिकतात, कोणी नुसतं पाठदुखीसाठी व्यायाम करायला येतं. फी थोडी असते, बाकीचा भार गाव उचलतं. आमच्या गावची इमारत जुनी होती. जिना एकच, लाकडी कठड्याचा. लिफ्ट नाही. वरच्या मजल्यावर दिवे लावले की कॉम्प्युटरच्या खोलीतले पडदे थरथरायचे, असं आम्ही म्हणायचो. अर्थात पडदे वाऱ्याने हलायचे. पण वायरिंग वाईट होतं हे खरं.

त्या जिन्यावर बसून आत्यांनी जर्मन पाठ केलं होतं. रात्रपाळी संपवून, थोडं झोपून, संध्याकाळी वर्गाला. सोबत तुर्की कामगार, युगोस्लावियाचे गवंडी, एक ग्रीक शिंपी. "आमच्यात एकाला एकाची भाषा येत नव्हती," त्या सांगत. "म्हणून मजबुरीनं जर्मन बोलून राहिलो होतो सगळे. चुकीचं बोलायचो, पण इतकं बोलायचो!" रिटायर झाल्यावर त्यांनी तिथेच नवीन आलेल्यांसाठी बोलण्याचा वर्ग सुरू केला. व्याकरण शिकवायला दुसऱ्या बाई होत्या. आत्या बोलतं करायच्या.

त्यांचा नियम एकच होता. बोलायचं ते उभं राहून. नाव सांगायचं असलं तरी उभं राहून. "बसून बोललं की आवाज पोटात राहतो," त्या म्हणत. आणि त्या स्वतः बोलायला उभ्या राहिल्या की चष्मा काढून हातात धरायच्या. मी एकदा विचारलं, का. म्हणाल्या, "चेहरे दिसले की शब्द पळून जातात रे." ही गोष्ट मी नीट लक्षात ठेवली. पुढे अनेक वर्षं मला तिचा फार आधार वाटला. तो कसा, ते येईलच.

मी त्यांचा वाईट विद्यार्थी होतो. ऑफिसात इंग्रजीवर भागायचं, म्हणून जर्मन तोंडात बसत नव्हतं. आणि मुळात मला मोठ्याने बोलता येत नाही. मी उभा राहून काहीतरी पुटपुटायचो. आत्या कानामागे हात धरून ऐकायच्या आणि मग सगळ्यांसमोर मराठीत म्हणायच्या, "आवाज कोणासाठी राखून ठेवला आहेस, बाप्पा? घरी नेऊन काय करशील त्याचं?" वर्गातल्या बाकीच्यांना मराठी कळत नसे, पण ते हसायचे. मीही हसायचो. दुसऱ्या वर्षी मी राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत, एकटा जाऊन घराच्या कागदपत्रांबद्दल बोलून आलो. त्या बुधवारी आत्यांनी थर्मासमधला पहिला चहा मला दिला. 

चौदा एप्रिलची जयंतीही आम्ही तिथल्याच तळमजल्यावरच्या हॉलमध्ये करायचो. फोटो, हार, मेणबत्त्या, वंदना, मुलांची भाषणं. मुलं मराठीत ऐकायची आणि जर्मनमध्ये बोलायची. नंतर जेवण. जेवण झालं की आत्या पदर खोचून उभ्या. "खुर्च्या जशा होत्या तशा. ओटा पुसा. तुम्ही पीएचडीवाले, तुम्हाला झाडू धरता येत नाही काय? त्याच्यावर प्रबंध लिहायचा नाही, नुसतं झाडायचं आहे." ज्या जागेत आपल्याला शिकायला मिळालं ती जागा आपली, आणि आपल्या जागेचं आपणच बघायचं, हे त्यांच्या डोक्यात इतकं साधं होतं की त्या ते कधी बोलूनही दाखवत नसत. ओटा पुसायला लावायच्या, बस.

दोन हजारच्या दशकाच्या मध्यात कधीतरी आगीच्या सुरक्षिततेची तपासणी झाली आणि इमारतीचा वरचा मजला बंद करण्यात आला. दुसरा जिना नाही, वायरिंग जुनं. सगळे वर्ग तळमजल्यावर आले. जिथे व्यायाम चाले तिथेच पडदा लावून जर्मन चालू लागलं. नगरपरिषदेत प्रस्ताव आला, की इमारत पुरती नवी करायची. बाहेरून दुसरा जिना, लिफ्ट, नवं वायरिंग, कॉम्प्युटरची चांगली खोली, शिकवण्यासाठी स्वयंपाकघर. गावच्या तिजोरीत तेवढे पैसे नव्हते, म्हणून ग्रुंडश्टॉयर, म्हणजे आपली घरपट्टी, वाढवायची. निर्णय नगरपरिषदेचा. पण त्याआधी गावकऱ्यांची सभा बोलावली होती, ज्याला बोलायचं त्याने बोलावं म्हणून.

त्याच्या आदल्याच वर्षी मी घर घेतलं होतं. रांगेतलं एक घर, समोर हातभर बाग, मागे थोडी जास्त. जर्मन नागरिकत्वही मिळालं होतं. आम्ही राहायला आलो त्या दिवशी शेजारचे हेर, म्हणजे श्रीयुत, शेफर दारात आले. हातात पाव आणि मीठ. नव्या घरात जाणाऱ्याला ते देतात इकडे. "हेर रामटेके, चांगल्या शेजारासाठी," असं म्हणून त्यांनी माझा हात दाबला.  ते मीठ आम्ही वापरलं नाही. सुनंदाने, माझ्या बायकोने, ते बाटलीत भरून वरच्या फळीवर ठेवलं.

माझे वडील तालुक्याच्या गावी शिक्षक होते. गावजेवणात आपली रांग वेगळी बसायची, हे त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. हे मी इथे कारण म्हणून लिहीत नाही. पण शेफर पाव-मीठ घेऊन दारात उभे होते तेव्हा मला वडील आठवले होते, हे खरं आहे. आणि त्यानंतर शेफरांना माझं काही खटकू नये म्हणून मी जपायला लागलो, हेही खरं आहे. बर्फ पडलं की त्यांच्या आधी उठून फुटपाथ साफ करायचो. कुंपणाची झाडं त्यांच्या उंचीची ठेवायचो.

आमच्या गल्लीत घरपट्टीवरून कुरकुर होती. शेफर काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच, की आम्ही कर्ज काढून घर घेतलं, आता ज्यांचं घर नाही त्यांच्या नृत्याच्या वर्गाचे पैसेही आम्हीच भरायचे? 'आम्ही घरवाले' असं ते म्हणायचे. आणि म्हणताना हात असा फिरवायचे की त्यात मीही यायचो.

सभेच्या आधीच्या रविवारी आत्या घरी आल्या. कोट काढला, किचनमध्ये बसल्या, सुनंदाने पोहे दिले. दोन घास खाऊन मला म्हणाल्या, "तुला एक काम आहे. नाही म्हणायचं नाही."

"सांगा ना."

"सभेत बोलायचं आहे तुला."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"आत्या, तुम्हीच बोला ना. तुमच्यासारखं कोण बोलणार?"

"मी बोलणारच आहे. पण मी पडले भाडेकरू. घरपट्टी माझ्या भाड्यातूनही जाते, पण ती कोणाला दिसते? मला म्हणतील, बाई दुसऱ्याच्या खिशातून दान करून राहिली. तू घरवाला आहेस. माझ्या वर्गातून गेलेला, याच गावात घर घेतलेला एकटा तूच. तू म्हणशील ना, तर ऐकतील."

सुनंदा म्हणाली, "अहो आत्या, यांना कुठे सांगता? लग्नात माझं नाव घ्यायला सांगितलं तेव्हा असे पुटपुटले, की माझ्या मामींना वाटलं नवऱ्या मुलाला चक्कर येतेय."

आत्या खूप हसल्या. मग प्लेट बाजूला ठेवून मला म्हणाल्या, "उभा राहा." आणि मी माझ्याच किचनमध्ये, गॅसच्या शेजारी उभा राहिलो. त्यांनी मला तीन वाक्यं दिली. मी या गावात घरमालक आहे. मी त्या इमारतीत तुमची भाषा शिकलो. ही वाढीव घरपट्टी मी भरेन. "बस एवढंच. बोलायचं आणि खाली बसायचं. भाषण द्यायचं नाही. इंजिनियर भाषण द्यायला लागले की लोक घड्याळ बघतात." मी जर्मनमध्ये म्हटलं. त्यांनी कानामागे हात नेला. मी पुन्हा म्हटलं. शेवटी त्या "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाल्या आणि पोह्यांची प्लेट परत ओढून घेतली. निघताना दारात म्हणाल्या, "पुढे ये. माझ्याशेजारी जागा धरून ठेवते."

मी बोलणार होतो. यावर कोणी विश्वास ठेवावा असं मी म्हणत नाही, पण मी बोलणार होतो. ऑफिसातून लवकर निघालो होतो. S-बानमध्ये, म्हणजे इकडच्या लोकलमध्ये, ती तीन वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणत आलो. सुनंदाला फोनवर सांगितलं की घरी न येता परस्पर सभेला जातो.

स्टेशनवरून येताना कोपऱ्यावर शेफर भेटले. आमच्या गल्लीतले आणखी काही जण सोबत होते. "तुम्हीही का? चला, बरोबरच जाऊ." आम्ही बरोबर गेलो. चालताना कोणीतरी माझ्या बागेतल्या गुलाबाबद्दल विचारलं. मी सांगितलं. सभागृहात पोचलो तर गल्लीची एक आख्खी रांग धरलेली होती, मागच्या बाजूला, खांबापाशी. शेफर आत शिरले आणि शेजारच्या खुर्चीवर थाप मारून म्हणाले, "हेर रामटेके, या, आमच्यात बसा."

मी बसलो. बसताना मनात होतं, की थोडा वेळ बसू आणि मग पुढे जाऊ.

पुढे आत्या दिसत होत्या. निळं कार्डिगन. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी आपला कोट ठेवला होता. मधे मधे त्या दरवाजाकडे बघत होत्या. पुढच्या दरवाजाकडे. मी मागच्या दाराने आलो होतो.

नगराध्यक्षांनी नकाशे दाखवले. मग लोक बोलले. बरेचसे विरोधात, काही बाजूने. एका म्हाताऱ्या बाईने सांगितलं की तिच्या गुडघ्यांना त्या जिन्यावर चढता येत नाही, म्हणून तिने चित्रकलेचा वर्ग सोडला. टाळ्या पडल्या, पण थोड्या. मग आत्या उठल्या. चष्मा काढून हातात धरला. त्यांचं जर्मन नागपुरी हेलाचं होतं, पण अडखळणारं नव्हतं. त्या म्हणाल्या की या गावाच्या हॉस्पिटलात मी तुमच्या आयांना आणि बापांना अंघोळ घातली आहे. जे शब्द वापरून मी त्यांच्याशी बोलले, ते त्या इमारतीत शिकले.  मग त्या म्हणाल्या, "मी भाडेकरू आहे, तेव्हा माझं राहू द्या. पण इथे माझा एक विद्यार्थी आहे. त्याचं या गावात घर आहे. तो बोलेल. हेर रामटेके?"

आणि त्या वळल्या.

रांगेतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं. शेफर माझ्याकडे किंचित झुकले, माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "उठायलाच हवं असं काही नाही." किती मायेने म्हणाले ते! त्यांना वाटलं, मला भीती वाटते आहे आणि ते मला सोडवत आहेत.

मला आठवतं, की मला काहीच वाटत नव्हतं. भीती नाही, लाज नाही. पाय जमिनीवर होते. हातावर शेफरांचा हात होता, उबदार. पुढच्या माणसाच्या कॉलरवर एक केस पडला होता, तो मी बघत होतो. तीनही वाक्यं मला पाठ होती.

आत्या पुन्हा नगराध्यक्षांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तो कामावरून यायचा आहे. गाडी उशिरा असेल. तो आला असता तर म्हणाला असता, मी या गावात घरमालक आहे. मी त्या इमारतीत तुमची भाषा शिकलो. ही वाढीव घरपट्टी मी भरेन." माझी तिन्ही वाक्यं त्यांनीच म्हटली. कोणीतरी हसलं. नगरपरिषदेचा एक सभासद माइकवर म्हणाला, की हे त्या गृहस्थांनी स्वतः येऊन सांगितलं असतं तर बरं झालं असतं. यावर जास्त लोक हसले. आत्या खाली बसल्या. कोट मात्र त्यांनी त्या खुर्चीवर तसाच ठेवला.

सभा संपायच्या आधी मी मागच्या दाराने बाहेर पडलो. घरी आलो. सुनंदाने विचारलं, "बोललात?" मी म्हटलं, "पोचताच आलं नाही. मीटिंग लांबली." ती म्हणाली, "अहो, आत्यांना फोन तरी करा."

मी दुसऱ्या दिवशी केला. "आत्या, मीटिंग लांबली हो. निघताच आलं नाही."

त्या म्हणाल्या, "हं. असतात कामं. जेवलास काय?"

मी जेवलो आहे म्हटलं.

पुढच्या महिन्यात नगरपरिषदेने घरपट्टी न वाढवण्याचा ठराव केला. मी बोललो असतो तर ठराव वेगळा झाला असता का? बहुतेक नसता. हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे आणि ते खरं असावं. पण ठराव काय झाला असता हा माझा प्रश्नच नाही. गावाला नाही म्हणायचा हक्क होता. मला एक काम दिलं होतं, आणि ते ठरावाचं नव्हतं.

इमारत वर्ष-दीड वर्ष रखडली आणि मग बंद झाली. वर्ग शेजारच्या गावी गेले. तिकडून संध्याकाळची शेवटची बस लवकर सुटायची, त्यामुळे आत्यांचा बुधवार बंद पडला. आमची जयंती एका चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये गेली. आत्यांनी तिथलाही ओटा पुसून घेतला, पण आरडाओरडा केला नाही. पीएचडीवाल्या पोरांना चुकल्यासारखं वाटलं. "आत्या, आज शिव्या नाहीत?" एकाने विचारलं. त्या म्हणाल्या, "थकले रे. उधार ठेवते."

बुधवारी त्या आपल्या घरी काही बायकांना बोलवायच्या. एक इराणी, एक पोलिश, आपल्यातल्या नव्याने आलेल्या दोघी-तिघी. किचनमध्ये सहा माणसं बसली की हलायला जागा नसे. सुनंदा एकदा जाऊन आली आणि सांगत होती, "दाराजवळ तिथेही खुर्ची आहे हो. फ्रिज उघडताना सगळ्यांना उठावं लागतं तिच्यामुळे, पण काढत नाहीत." मी गेलो नाही. मला कामं होती. मला तेव्हा खरोखरच पुष्कळ कामं असायची. मी ती मागून घ्यायचो.

माझा आधार होता तो चष्मा. त्या बोलताना चष्मा काढतात, त्यांना चेहरे दिसत नाहीत. म्हणजे त्यांनी मला पाहिलं नाही. त्यांच्या लेखी मी गाडीत अडकलेला होतो आणि तसाच राहीन. हे मी इतक्या वेळा मनात घोळवलं, की खांबाआडून दिसणारा त्यांचा वळलेला चेहरा मला आठवायचा तो धुरकट. जणू चष्मा मीच काढला होता.

तब्येत बिघडायला लागली तेव्हा मुलीने त्यांना बॉनला नेलं. काही महिन्यांनी मला कामासाठी तिकडे जावं लागलं. सुनंदाने डब्यात शेवबुंदी दिली आणि बजावलं, "भेटल्याशिवाय यायचं नाही." मी गेलो. आत्या बारीक झाल्या होत्या. "चल, ऱ्हाईनवर जाऊ," म्हणाल्या. "घरात बसून बसून माझी भाजी झाली." आम्ही हळूहळू नदीकाठी गेलो आणि एका बाकावर बसलो. ऊन होतं. त्यांनी सुनंदाची चौकशी केली, माझ्या मुलीची केली. "अजून जर्मनमध्येच उत्तर देते काय? देऊ दे. ऐकते ना मराठी, झालं." माझ्या गुलाबांचं विचारलं. शेफरांचं विचारलं, नाव घेऊन. मी म्हटलं, बरे आहेत.

पलीकडच्या काठाने एक मालवाहू जहाज चाललं होतं. आत्यांनी चष्मा काढून पदराला पुसायला घेतला आणि पुसता पुसता, तो हातातच असताना, त्या जहाजाच्या पुढच्या टोकावरचं बारीक नाव सहज वाचलं. मोठ्याने. मग मागचं, बंदराचं नावही वाचलं. मला ते वाचता येत नव्हतं.

मी म्हटलं, "आत्या, चष्म्याशिवाय?"

"लांबचं मला छान दिसतं रे," त्या म्हणाल्या. "हा जवळचा चष्मा आहे. वाचायचा. हा काढला की समोरचे तेवढे धूसर होतात, म्हणून काढते. लांबचे सगळे दिसतात. मागच्या भिंतीपर्यंत."

चष्मा पुसून झाला. त्यांनी तो घातला आणि डबा उघडून शेवबुंदी खायला घेतली. "सुनंदाच्या हाताला चव आहे," म्हणाल्या. "खा ना. काऊन बसून राहिलास?"

मी खाल्ली. जहाज निघून गेलं. सांगायचं असतं तर तो क्षण होता, हे मला तिथेच कळत होतं. बाकावर माझ्याशेजारी त्या बसल्या होत्या, मध्ये फक्त डबा होता. मी म्हटलं, "आत्या, थंडी वाजते आहे का?" त्या म्हणाल्या, "नाही."

त्यांना स्टेशनपर्यंत येऊ नका म्हटलं तरी त्या ट्रामच्या थांब्यापर्यंत आल्या. ट्राम आली तेव्हा म्हणाल्या, "सांभाळून जा. आणि काम कमी कर थोडं. उशीर झाला तरी चालतो, पण येत जा." मी आत चढून बसलो. ट्राम निघाली तरी त्या उभ्या होत्या.

त्याच हिवाळ्यात आत्या गेल्या. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. फोन ठेवला आणि समोरची ड्रॉइंग पूर्ण केली. संध्याकाळी सुनंदाला सांगितलं. ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. अंत्यविधीला आमच्याकडचे पुष्कळ जण बॉनला गेले, मीही गेलो. लोक एकेक करून उठून आत्यांबद्दल बोलले, कोणी मराठीत, कोणी जर्मनमध्ये. मी मागे बसलो होतो.

नंतर आमच्या गावाने घरपट्टी वाढवली. खेळाच्या नव्या हॉलसाठी. सभाही झाली असेल. मला आठवत नाही. गल्लीत कोणी काही बोललं नाही. वाढीव रक्कम बँकेतून आपोआप जाते. पहिल्या वर्षी ती गेलेली माझ्या लक्षातही आली नाही. फोल्क्सहोखशूलच्या जुन्या इमारतीचे फ्लॅट झाले आहेत. बाहेरून दुसरा जिना लावला आहे, लोखंडी, चांगला आहे. शेफर आणि मी शनिवारी तिथून जातो तेव्हा ते म्हणतात, "बरं काम केलं." मी हो म्हणतो. ते खरंच चांगले शेजारी आहेत.

आत्यांनी मला पाहिलं होतं. पाहून त्यांनी मला उशिरा येणाऱ्या गाडीत बसवलं आणि कोट खुर्चीवर तसाच ठेवला.

मी त्यांचं देणं लागतो ते तीन वाक्यांचं. ती मी या गावात, या लोकांसमोर, शेफर बसलेले असताना म्हणायची आहेत. आणि एक चौथं, की त्या संध्याकाळी मी इथेच होतो. त्यातलं एकही मी अजून म्हटलेलं नाही. हे जे लिहिलं, तेही बसून लिहिलं आहे. उभं राहून बोलायचं बाकी आहे.